तापात रक्त गोठते कसे आणि वाहतेही कसे?

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की वैभववाडी तालुक्यातल्या आमच्या बौद्धवाडीत रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन होते. दिवसभर लावणीच्या चिखलात वाकून दमलेल्या बायाबापड्या हातपाय धुऊन येतात. वाचन झाल्यावर घटकाभर आम्ही आरोग्यावर बोलतो. मागच्या पावसात तिथे एका ताईने विचारले, "कोरोनात माझ्या भावाला मुंबईत दवाखान्यात ठेवला होता. रक्त गोठू नये म्हणून त्याच्या पोटात रोज सुई टोचत होते. आणि आमच्या शेजारच्या काकांना लेप्टो झाला, तेव्हा ते रक्त थुंकत होते. दोघांनाही तापच. मग एकाचे रक्त गोठते आणि दुसऱ्याचे वाहते, हे कसे काय?"

प्रश्न साधा वाटला, पण त्याचे उत्तर त्या दिवशी पाच मिनिटांत देता आले नाही. ताप, सूज, रक्ताची गुठळी आणि रक्तस्राव ही चार वेगळी दुखणी आहेत असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती एकाच साखळीच्या कड्या आहेत. ही साखळी समजली तर कुठला ताप अंगावर काढू नये, कुठली सूज चोळू नये आणि कुठली गोळी आपल्या मनाने घेऊ नये, हे आपोआप कळते. म्हणून या वेळचे आरोग्य पान याच एका प्रश्नासाठी.

विळा लागतो तेव्हा

गवत कापताना विळा बोटाला लागला, तर काय होते ते आठवून पाहा. आधी रक्त येते. बोट दाबून धरले की काही मिनिटांत ते थांबते. मग तासा-दोन तासांत बोट लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. दोन दिवस ते बोट धड वाकत नाही.

यात शरीराने दोन कामे केली. पहिले, रक्त थांबवले. आपल्या रक्तात प्लेटलेट नावाचे अगदी बारीक कण असतात. रक्ताच्या एका लहान थेंबातही ते लाखोंनी असतात. रक्तवाहिनी कापली की ते तिथे धावतात आणि एकमेकांना चिकटून भोक बुजवतात. मग रक्तातले गोठवणारे घटक एकामागून एक जागे होतात. शेवटी थ्रॉम्बिन नावाचा घटक तयार होतो आणि तो फायब्रिनचे धागे विणतो. या धाग्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकल्या की झाली गुठळी.

दुसरे काम जंतूंना अडवण्याचे. विळ्यावरची माती आत गेलेली असते. तिच्यातले जंतू मारण्यासाठी पांढऱ्या पेशी तिथे यायला हव्यात. म्हणून तिथल्या रक्तवाहिन्या रुंद होतात, त्यांच्या भिंती थोड्या सैल होतात, पाणी आणि पेशी बाहेर झिरपतात. म्हणून लाली, ऊब, सूज आणि ठणका. डॉक्टर याला इन्फ्लमेशन म्हणतात, मराठीत आपण दाह म्हणू. दाह म्हणजे रोग नव्हे. तो शरीराने केलेला बंदोबस्त आहे. दाह बोटात होतो तसा फुप्फुसात, रक्तवाहिनीत, अगदी सगळ्या अंगातही होतो. तेव्हा तो डोळ्यांना दिसत नाही, ताप आणि अशक्तपणा तेवढा जाणवतो.

एक दुसऱ्याला हाक मारतो

ही दोन कामे दोन वेगळी खाती करतात असे वाटते. पण शरीरात ती एकमेकांशी बांधलेली आहेत.

दाह गुठळीला कसा बोलावतो? आपल्या रक्तवाहिन्यांना आतून एक गुळगुळीत अस्तर असते. एरवी हे अस्तर रक्ताला गोठू देत नाही. जंतूंचे विष किंवा दाहाची रसायने तिथे पोचली की हे अस्तर बदलते आणि चिकट होते. पांढऱ्या पेशी आपल्या अंगावर 'गोठा' असा इशारा देणारा एक पदार्थ आणतात. रक्त जास्त गोठू नये म्हणून शरीराने ठेवलेले पहारेकरी कमी पडू लागतात. झालेली गुठळी विरघळवण्याची यंत्रणाही मंद होते. म्हणजे गोठवणारे हात वाढतात आणि आवरणारे हात घटतात.

गुठळी दाहाला कशी बोलावते? थ्रॉम्बिन नुसते धागे विणत नाही. ते आसपासच्या पेशींनाही चेतवते आणि त्या पेशी दाहाची आणखी रसायने सोडतात. प्लेटलेटही पांढऱ्या पेशींना पकडून तिथेच थांबवतात. काही पांढऱ्या पेशी तर स्वतःच्याच पोटातले धागे बाहेर फेकून जंतूंना जाळ्यात पकडतात, आणि त्या जाळ्यावरही गुठळी बसते.

असे का, हे समजायला एका समुद्री जीवाकडे बघू. ओडिशाच्या किनाऱ्यावर घोड्याच्या नालेच्या आकाराचा एक खेकड्यासारखा प्राणी सापडतो. त्याचे रक्त निळे असते. त्याच्या रक्तात जंतू शिरले की तिथल्या तिथे रक्त गोठते आणि जंतू त्यात कोंडले जातात. १९५६ साली फ्रेडरिक बँग या अमेरिकी संशोधकाने याच्या अमेरिकेतल्या भाईबंदावर हे दाखवून दिले. त्याच्या रक्तापासून केलेली तपासणी पुढे इंजेक्शने आणि लसी जंतूंच्या विषापासून मुक्त आहेत की नाही हे पाहण्यासाठी जगभर वापरली गेली. त्या प्राण्यात रक्त गोठवणे आणि जंतूंशी लढणे ही एकाच पेशीची कामे आहेत. आपल्यात कामे वाटली गेली, पण नाते तुटले नाही.

छोट्या जखमेत हे नाते फायद्याचे. गुठळी रक्त थांबवते आणि जंतूंची वाटही बंद करते. काम झाले की दाह ओसरतो, गुठळी विरघळते, खपली पडते. खरी अडचण येते ती हे सगळे एका बोटापुरते न राहता अंगभर पेटते तेव्हा.

माती संपली की मेर फुटते

आता ताईच्या प्रश्नाकडे येऊ. शेतातल्या मेरेचे उदाहरण घेऊ. मोठा पाऊस लागला, भात खाचरांच्या मेरा जागोजागी फुटू लागल्या. तुम्ही दिसेल तिथे माती टाकत सुटलात. नको तिथेही टाकलीत, पाणी जायची वाटही बुजवलीत. थोड्या वेळाने दोन गोष्टी होतात. काही खाचरांना पाणीच मिळत नाही. आणि जिथे खरोखर मोठे भगदाड पडले तिथे टाकायला माती उरत नाही.

रक्तात हेच होते. मोठ्या जंतुसंसर्गात दाह अंगभर पसरतो, बारीक रक्तवाहिन्यांत शेकडो सूक्ष्म गुठळ्या होतात. त्यामुळे मूत्रपिंड, फुप्फुस, मेंदू यांना रक्त कमी पडते. लघवी कमी होते, धाप लागते, माणूस बरळतो. या गुठळ्या करण्यात प्लेटलेट आणि गोठवणारे घटक खर्च होऊन जातात. मग हिरड्यांतून, नाकातून, सुई टोचल्या जागेतून रक्त येते आणि थांबत नाही. एकाच माणसात एकाच वेळी रक्त गोठतेही आणि वाहतेही. डॉक्टरांच्या तोंडी याचे नाव डीआयसी. बाळंतपणातल्या गुंतागुंतीतही हे होऊ शकते.

कोणत्या आजारात तराजूचे कुठले पारडे जड होईल हे त्या आजारावर अवलंबून असते. कोरोनात फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला दाह होत होता आणि गुठळ्यांचे पारडे जड होते. म्हणून २०२० आणि २०२१ मध्ये घरोघरी डी-डायमर हा शब्द ऐकू आला. फायब्रिनचे जाळे विरघळले की त्याचे जे तुकडे रक्तात येतात, ते मोजणारी ही तपासणी. ती वाढली म्हणजे कुठेतरी गुठळ्या होत आहेत आणि विरघळत आहेत असा संशय येतो. पण कुठल्याही मोठ्या दाहात आणि गरोदरपणातही ती वाढते, त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावरून निदान होत नाही.

ताईच्या भावाच्या पोटात टोचत होते ते हेपॅरिन. ते नवी गुठळी होऊ देत नाही. आणि ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिले जात होते, ते दाह आवरण्यासाठी. त्याने मृत्यू कमी होतात हे इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीतून जून २०२० मध्ये कळले. एक औषध गुठळीसाठी, एक दाहासाठी. म्हणजे डॉक्टर त्या साखळीच्या दोन्ही कड्या धरत होते. पण तेच स्टेरॉइड ऑक्सिजनची गरज नसलेल्या रुग्णाला दिले तर फायदा दिसला नाही. औषध तेच असले तरी वेळ आणि माणूस बघावा लागतो.

शेजारच्या काकांना झालेल्या लेप्टोत मात्र दुसरे पारडे जड. तिथे जंतू रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाच इजा करतात, भिंती झिरपू लागतात आणि प्लेटलेट घटतात. म्हणून फुप्फुसात रक्तस्राव होतो आणि खोकल्यातून रक्त येते.

लावणीतला ताप अंगावर काढू नका

लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदीर, घुशी, गुरे, कुत्री यांच्या मुताबरोबर याचे जंतू पाण्यात आणि चिखलात येतात. पायाच्या भेगेतून, जळवेच्या चाव्यातून, विळ्याच्या जखमेतून ते आपल्या अंगात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत याची मोठी साथ आली होती. आपल्याकडे मात्र महापूर यावा लागत नाही. तरवा काढायला आणि लावायला बसले की दिवसभर पाय त्याच पाण्यात.

साधारण आठवडा-दोन आठवड्यांत ताप येतो. अंगदुखी लावणीची आहे असे वाटते आणि तिथेच फसगत होते. म्हणून हे लक्षात ठेवा: थंडी वाजून जोराचा ताप, फार डोकेदुखी, डोळे लाल आणि पोटऱ्या दाबल्या तरी सहन होऊ नयेत इतक्या दुखऱ्या. असा ताप असेल तर त्याच दिवशी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि "मी चिखलात काम करते" हे आपणहून सांगा. सुरुवातीला साध्या प्रतिजैविकाने हा आजार बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि फुप्फुस गाठतो.

डोळे पिवळे होणे, लघवी कमी होणे, धाप, खोकल्यात रक्त, हिरड्यांतून रक्त, अंगावर लाल-जांभळे ठिपके यांतले एक जरी दिसले तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा.

पावसाळ्यात आशाताई आणि आरोग्यसेवक डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देतात, त्या धोक्याच्या काळात लेप्टो टाळण्यासाठी असतात. त्या सांगितल्याप्रमाणे, जेवण झाल्यावर आणि भरपूर पाण्याबरोबर घ्या. गरोदर बाई आणि लहान मुलांना त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. पायाला भेगा असतील तर गमबूट घाला, नसेल तर निदान जखमेवर पट्टी आणि घरी आल्यावर साबणाने पाय धुणे एवढे तरी करा.

डेंग्यूतही प्लेटलेट कमी होऊन रक्तस्राव होऊ शकतो. आपल्याच जिल्ह्यात दोडामार्ग भागात आढळणाऱ्या माकडतापातही रक्तस्राव होतो. म्हणून पावसाळ्यानंतरचा आणि जंगलात जाऊन आल्यानंतरचा तापही दाखवायलाच हवा.

फुरसे चावते तेव्हा रक्ताचे काय होते?

कोकणात फुरसे नवे नाही. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला, त्याआधी आपण रत्नागिरी जिल्ह्यात होतो. इंग्रजांच्या अमलात त्या जिल्ह्यात फुरशी मारण्यासाठी सरकारने बक्षीस लावले होते, इतकी माणसे त्याच्या दंशाने दगावत होती.

फुरसे आणि घोणस यांच्या विषात थेट रक्त गोठवणारे पदार्थ असतात. मेर फुटली नसतानाही कोणीतरी तुमची सगळी माती ओतून टाकावी, तसे हे विष गोठवणारे घटक खर्च करून टाकते. मग रक्त गोठतच नाही. शिवाय विषाने दंशाच्या जागी मोठा दाह होतो, हात-पाय टरारून सुजतो.

दवाखान्यात याची एक साधी तपासणी करतात. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात. मग नळी तिरपी करतात. रक्त गोठले नसेल तर विष रक्तात गेले आहे असे समजून सर्पविषावरची लस देतात. ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. नुसते रक्त चढवून भागत नाही, कारण विष आत असेपर्यंत नवे घटकही खर्चच होतात. आधी विष उतरवावे लागते, आणि ते काम मंत्राने होत नाही.

म्हणून साप चावल्यावर भगताकडे किंवा विष उतरवणाऱ्याकडे घालवलेला प्रत्येक तास महाग पडतो. दोरी करकचून बांधू नका. बांधल्याने आधीच सुजणाऱ्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि हात-पाय गमवावा लागू शकतो. ब्लेडने चिरू नका, कारण रक्त गोठत नसताना चिरलेली जखम वाहतच राहते. बांगड्या, अंगठी, जोडवी, पैंजण लगेच काढा. दंशाचा हात किंवा पाय काठीला सैलसर बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका आणि थेट दवाखाना गाठा. दंश झाल्यावर तासाभरात काही वाटले नाही तरी घरी परत येऊ नका. फुरशाचा परिणाम काही तासांनीही दिसतो.

बाळंतिणीचा सुजलेला पाय

आता गुठळीचा उलटा, गुपचूप प्रकार. यात जखम दिसत नाही आणि तापही येईलच असे नाही.

रुडॉल्फ फिर्खो नावाचे एक जर्मन डॉक्टर होऊन गेले. पायाच्या शिरेत झालेली गुठळी सुटून रक्तातून फुप्फुसात जाऊन अडकते आणि माणूस दगावतो, हे त्यांनी १८४० च्या दशकात दाखवून दिले. अशा गुठळीला तीन गोष्टी कारण होतात असे आज त्यांच्या नावाने शिकवले जाते: रक्त एका जागी साचणे, रक्तवाहिनीच्या भिंतीला इजा आणि रक्तच जास्त गोठणारे होणे.

बाळंतिणीत या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. गरोदरपणात रक्त निसर्गतःच जास्त गोठणारे होते, बाळंतपणात रक्त वाया जाऊ नये म्हणून. पोटाच्या भाराने पायातले रक्त साचते. सिझर झाले असेल तर जखम आणि दाह. त्यात आपल्याकडे बाळंतिणीला खोलीत पडून ठेवायची पद्धत. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत हा धोका जास्त असतो.

खूण अशी: एकच पाय सुजतो. पोटरी दुखते, गरम लागते, थोडी लाल दिसते. दोन्ही पाय सारखे सुजले तर कारण बहुधा वेगळे असते, तरीही दाखवायला हवेच. पण एकाच पायाची अशी सूज दिसली तर तेल लावून चोळू नका. चोळल्याने गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अचानक धाप, छातीत कळ, चक्कर, खोकल्यात रक्त ही तिची खूण. हाड मोडून प्लास्टर घातलेल्यांना, ऑपरेशन झालेल्यांना, कर्करोगाच्या रुग्णांना आणि रात्रभर बसून मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांनाही हे लागू आहे. प्रवासात पाय हलवत राहा, गाडी थांबली की उतरून चार पावले चाला. बाळंतिणीला उठून फिरू द्या, पाणी पुरेसे द्या.

कोकणात हत्तीरोगही आहे, त्यानेही पाय सुजतो. म्हणून सूज कशाची हे घरी ठरवायचे नाही. सोनोग्राफीने शिरेतली गुठळी दिसते.

मिश्री, विडी, साखर

हृदयविकाराचा झटका म्हणजे चरबीने नळी बुजणे, एवढेच आपण ऐकलेले असते. खरे तर चरबीचा थर वर्षानुवर्षे साचतो आणि त्या थरातही दाह चालू असतो. एक दिवस त्या थराचे वरचे पापुद्रे फाटतात. शरीराला वाटते जखम झाली, आणि ते तिथे गुठळी करते. ती गुठळी नळी बंद करते. म्हणजे झटक्याच्या आधी दाह आणि शेवटी गुठळी.

म्हणूनच फ्ल्यूसारख्या तापानंतर काही दिवस झटक्याचा धोका वाढतो. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्ल्यूचे निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हा धोका सुमारे सहापट आढळला. घरातल्या वयस्कर माणसाला, विशेषतः साखर किंवा रक्तदाब असलेल्याला, तापानंतर छातीवर दाब आला, घाम फुटला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली तर "अशक्तपणा असेल" म्हणू नका.

तंबाखू दाह आणि गुठळी दोन्ही वाढवते. विडी रक्तवाहिनीच्या अस्तराला रोज इजा करते. आमच्या वाडीतल्या कितीतरी आया-मावश्या विडी ओढत नाहीत, पण सकाळी मिश्री लावल्याशिवाय त्यांना सुचत नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरड्या सुजतात, तोंडाच्या कर्करोगाची भीती राहते, आणि तंबाखूचे विष रक्तात जातेच.

मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या अस्तराला मंद दाह चालूच असतो, म्हणून अशा माणसांत गुठळी लवकर होते. बाबासाहेबांनाही मधुमेह होता आणि शेवटच्या वर्षांत पायांच्या दुखण्याने त्यांना फार त्रास दिला. साखर असणे ही लपवायची गोष्ट नाही. ती तपासायची आणि औषध न चुकवता घ्यायचे, एवढेच आपल्या हातात आहे.

गोळी घेण्याआधी थांबा

ही साखळी कळली की एक गोष्ट पटेल. दाहावरच्या पुष्कळ गोळ्या रक्ताच्या गोठण्यावरही परिणाम करतात. ॲस्पिरिन प्लेटलेटना चिकटू देत नाही. हृदयाच्या झटक्यात डॉक्टर तीच चावून खायला सांगतात. तीच गोळी डेंग्यू, लेप्टो किंवा सर्पदंशात रक्तस्राव वाढवते. अंगदुखीसाठी टपरीवर किंवा दुकानात मिळणाऱ्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या गोळ्याही प्लेटलेटवर परिणाम करतात आणि लेप्टोत आधीच अडचणीत आलेल्या मूत्रपिंडाला आणखी मारतात. तापाला आणि अंगदुखीला योग्य मात्रेत पॅरासिटॅमॉल पुरेसे आहे, आणि तेही दारूबरोबर नाही.

अर्धांगवायूत तोंड वाकडे झाले, हात गळला, बोलणे अडखळले तर घरी ॲस्पिरिन देऊ नका. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. गुठळी असेल तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते. लक्षणे किती वाजता सुरू झाली ती वेळ लक्षात ठेवा. वैभववाडीहून कणकवली, ओरोस किंवा घाट चढून कोल्हापूर गाठायला लागणारा वेळही यातच धरायचा आहे.

आणि ज्यांना रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी त्या "आता बरे वाटते" म्हणून बंद करू नयेत. साधा दात काढायचा असला तरी त्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधी सांगावे.

शेवटी

गुठळीचे कोडे सोडवणाऱ्या त्याच फिर्खो यांना १८४८ साली सरकारने सायलेशिया भागातल्या तापाच्या साथीची पाहणी करायला पाठवले होते. तिथले लोक उपाशी, अडाणी आणि जमीनदारांच्या ताब्यात होते. फिर्खो यांनी अहवालात नुसती औषधे सुचवली नाहीत. लोकांना शिक्षण, स्वातंत्र्य आणि पोटापुरते उत्पन्न मिळाल्याशिवाय साथ हटणार नाही, असे त्यांनी लिहिले.

आमच्या वाडीत ताई-काकू ताप अंगावर काढतात, तो त्यांना कळत नाही म्हणून नव्हे. लावणीचे चार दिवस बुडाले तर मजुरी बुडते, आणि आपला स्वतःचा कोपरा असेल तर तोही पडीक राहतो. म्हणून विहारात त्या संध्याकाळी आम्ही एवढे ठरवले. लावणीच्या दिवसांत ज्या घरात ताप येईल, त्या घराची लावणी वाडीने मिळून करायची. एका जाणत्या मुलाकडे १०८ आणि आशाताईंचा नंबर ठेवायचा. विहाराच्या भिंतीवर धोक्याच्या खुणांचा कागद चिकटवायचा. त्या कागदावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात लिहिले आहे: "लावणी थांबते, ताप थांबत नाही."

प्रश्न विचारणारी ती ताई पंधरा दिवसांनी पुन्हा भेटली. तिच्या जावेला ताप आणि पोटऱ्यांचा ठणका होता, म्हणून दुसऱ्याच दिवशी तिला दवाखान्यात नेले होते. जाऊ आता घरी आहे. ताई म्हणाली, "तिचे कोपरे आम्ही पाच जणींनी लावले."